जास्तीचे पी-२४ कोणाच्या पेशींचे? वारेतल्या मॅक्रोफेज पेशींवरच्या एका प्रयोगाचे प्रकरण

पुण्यातली एक विषाणू-प्रयोगशाळा आणि तिला नमुने पुरवणारा एका रुग्णालयाचा प्रसूती विभाग यांच्यात घडलेले हे प्रकरण आहे. वारेतल्या पेशींत पी-२४, म्हणजे एचआयव्हीचे एक प्रथिन, अपेक्षेपेक्षा जास्त का निघाले, याचे. संस्था, माणसे आणि नमुन्यांचे तपशील ओळखू येणार नाहीत असे बदलले आहेत. प्रयोगाची कृती मात्र आहे तशी दिली आहे, कारण सगळी गोम तिच्यातच होती.

पार्श्वभूमी

एचआयव्ही-बाधित आईने उपचार घेतले नाहीत, तर बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के मानली जाते. त्यात पोटात असतानाच होणारी लागण साधारण ५ ते १० टक्के. बाकीची प्रसूतीच्या वेळी आणि पुढे अंगावरच्या दुधातून होते. वारेचे बारीक अंकुर, म्हणजे विलाय, महिनोन्‌महिने आईच्या रक्तात बुडालेले असतात, आणि तरीही उपचार न झालेल्या बहुतेक मातांची बाळे पोटात असेपर्यंत बाधित होत नाहीत. ती का वाचतात, हा प्रश्न जुना आहे.

उत्तराचा एक भाग विलायांच्या बाहेरच्या अखंड थरात आहे. या थराच्या पेशी एकमेकींत विरघळून गेलेल्या असतात, त्यामुळे मध्ये फट राहत नाही. दुसरा भाग त्या थराच्या आत बसलेल्या हॉफबॉअर पेशींत आहे. या बाळाच्या बाजूच्या मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी. गर्भधारणेच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास त्या दिसू लागतात आणि प्रसूतीपर्यंत राहतात. एचआयव्हीला आत शिरायला जे जे लागते ते त्यांच्या पृष्ठभागावर आहे: सीडी-४, सीसीआर-५, सीएक्ससीआर-४, शिवाय विषाणूला धरून ठेवणारा डीसी-साइन. एवढे असूनही त्या विषाणू फारसा तयार करत नाहीत. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की, रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून वाढवलेल्या मॅक्रोफेजच्या तुलनेत हॉफबॉअर पेशींत एचआयव्हीची वाढ कमी होते, आणि त्या इंटरल्यूकिन-१० व टीजीएफ-बीटा ही दाह शमवणारी द्रव्ये जास्त सोडतात.

आईच्या बाजूचे चित्र निराळे. गर्भाशयाच्या अस्तरात, डेसिड्युआमध्ये, पहिल्या तिमाहीत पांढऱ्या पेशींपैकी सुमारे ७० टक्के नैसर्गिक मारक पेशी, म्हणजे एनके पेशी असतात. त्यांच्या जोडीला आईच्याच मॅक्रोफेज आणि टी पेशी. दिवस भरत येतात तशा एनके पेशी कमी होतात. वारेला चिकटून बाहेर येणारा डेसिड्युआचा पातळ पापुद्रा आणि विलायांमधल्या पोकळीतले रक्त, दोन्ही आईचे. पुढचा सगळा घोळ समजायला एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

या गटाचा प्रश्न साधा होता. आधीचे बरेचसे काम एचआयव्हीच्या बी उपप्रकाराच्या प्रयोगशाळेतल्या विषाणूंवर झालेले. भारतात मात्र सी उपप्रकाराचेच राज्य आहे. मग इथल्या मातांच्या वारेतल्या हॉफबॉअर पेशी सी उपप्रकाराच्या विषाणूलाही तशाच दाबून ठेवतात का? पुण्यात असे काम करायला माणसेही आहेत आणि सोयीही. एचआयव्हीसाठीची राष्ट्रीय संस्था १९९२ पासून भोसरीत आहे, आणि बाळांना सहा आठवडे नेव्हिरापीन हे एचआयव्हीविरोधी औषध देण्याच्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात बी. जे. मेडिकल कॉलेजच्या माता आणि बाळे होती. प्रसूती विभाग, समुपदेशक आणि प्रयोगशाळा यांनी एकत्र काम करणे इथे नवीन नाही.

नमुने कसे मिळत

वार एचआयव्ही नसलेल्या मातांची लागत होती, कारण लागण प्रयोगशाळेत करायची होती. पहिला निर्णय इथेच घ्यावा लागला. फक्त एचआयव्ही-निगेटिव्ह बाईलाच विचारायचे ठरवले, तर जिला विचारले नाही तिच्याकडे वॉर्डातल्या नजरा वळतात. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ प्रमाणे बाधित व्यक्तीची स्थिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे, आणि तिला न विचारणे हासुद्धा ती फोडण्याचाच प्रकार झाला. नीतिसमितीच्या सांगण्यावरून गटाने सिझेरियनची तारीख ठरलेल्या सगळ्यांनाच विचारले. वगळण्याची कारणेही अनेक ठेवली: मधुमेह, रक्तदाब, जुळे, ताप, आधीचे संसर्ग. त्यामुळे एखादीची वार घेतली नाही यावरून कोणालाच काही ताडता येत नसे.

संमती घेणाऱ्या सिस्टरचे बोलणे ऐकण्यासारखे असे. “ताई, वार आम्ही एरवी पिवळ्या पिशवीत घालून जाळायला पाठवतो. तुम्ही हो म्हणालात तर तिच्यातला थोडा भाग तपासणीच्या कामाला येईल. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही.” खाटेजवळच्या सासूबाई कधी विचारत, “आमच्याकडे वार पुरतात हो, ती मिळणार नाही का?” अशा घरी नमुना घ्यायचा नाही, असा नियम पहिल्या आठवड्यातच झाला. सिझेरियनचे वेळापत्रक अर्ध्याहून अधिक मुहूर्तावर चाले, हे कोणी लिहून ठेवले नव्हते तरी सगळ्यांना ठाऊक होते. चांगल्या दिवशी एकाच सकाळी तीन नमुने, तर पितृपक्षात आठवडाभर एकही नाही. पुढे ही अनियमितताच महागात पडली.

कृती, पहिल्या फेरीतली

वार निर्जंतुक डब्यात, थंड बफरमध्ये, तिहेरी वेष्टनात आणि बर्फाला थेट न टेकवता आणायची. दोन तासांच्या आत काम सुरू करायचे. नाळेच्या बाजूचा पडदा आणि आईच्या बाजूचा पृष्ठभाग कापून मधला मऊ भाग घ्यायचा, साधारण ५० ग्रॅम. कात्रीने तांदळाच्या कणीएवढा बारीक करून बफरने धुवायचा. मग ०.२५ टक्के ट्रिप्सिन आणि डीएनेझ या विकरांमध्ये ३७ अंशांवर तासभर ठेवायचा, म्हणजे बाहेरचा थर सुटून निघतो. उरलेल्या भागाला कोलॅजिनेझ, मिलिलिटरला १ मिलिग्रॅम, पुन्हा तासभर. जाळीतून गाळून, ७० मायक्रॉनच्या चाळणीतून काढून, पेशी घनतेप्रमाणे वेगळ्या करणाऱ्या परकोल द्रवाच्या २० आणि ३५ टक्के अशा दोन थरांवर १००० जी वेगाने अर्धा तास सेंट्रिफ्यूज, ब्रेक बंद ठेवून. मधल्या पट्ट्यातल्या पेशी उचलून, मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरची खूण असलेल्या सीडी-१४ ला चिकटणाऱ्या चुंबकीय मण्यांनी वेगळ्या करायच्या.

शुद्धता फ्लो सायटोमेट्रीवर, म्हणजे एकेक पेशीवरच्या खुणा मोजणाऱ्या यंत्रावर, पाहिली जाई. सीडी-१४ असलेल्या पेशी ९५ टक्क्यांच्या वर भरल्या की नमुना पास.

जिवंत विषाणूचे काम जैवसुरक्षा पातळी ३ च्या कक्षात होते. विषाणू दोन: बी उपप्रकाराचा नेहमीचा बीएएल, आणि सी उपप्रकाराचा सीसीआर-५ वापरणारा एक रुग्णजन्य विषाणू. रात्रभर संपर्क, सकाळी चार वेळा धुणे, आणि तिसऱ्या, सातव्या, दहाव्या व चौदाव्या दिवशी वरचा द्रव काढून त्यात पी-२४ मोजणे. पी-२४ हे विषाणूच्या गाभ्यातले प्रथिन, म्हणून त्यावरून तयार झालेल्या विषाणूचा अंदाज बांधतात. तुलनेला रक्तपेढीतून आलेल्या अनोळखी दात्यांच्या मॅक्रोफेज.

एक गोष्ट या गटाने सुरुवातीपासून नीट केली होती, आणि ती बरेच जण विसरतात. प्रत्येक नमुन्याचा एक वाडगा उलट-नक्कल रोखणाऱ्या औषधात, एफाव्हिरेन्झमध्ये, ठेवला होता. मॅक्रोफेज विषाणू गिळून पोटात ठेवतात आणि नंतर बाहेर टाकतात. औषधाचा वाडगा नसेल तर तिसऱ्या दिवसाचे पी-२४ नवे की घातलेलेच परत आलेले, हे सांगता येत नाही.

अडचण

पहिल्या फेरीतले बहुतेक नमुने अपेक्षेप्रमाणे वागले. पी-२४ रक्तातल्या मॅक्रोफेजपेक्षा बरेच कमी, आणि औषधाच्या वाडग्यापेक्षा थोडेसेच वर. तीन नमुने मात्र साफ वेगळे निघाले. सातव्या दिवसापासून आलेख चढत गेला आणि चौदाव्या दिवशी रक्तातल्या मॅक्रोफेजच्या जवळ पोहोचला. औषधाच्या वाडग्यात वाढ नव्हती, म्हणजे विषाणू खरोखरच नव्याने तयार होत होता. दोन्ही उपप्रकारांत हेच चित्र.

मोह पडावा असेच हे निकाल होते. काही मातांच्या वारेतल्या पेशी लागणीला जास्त बळी पडतात, म्हणून काही बाळे पोटातच बाधित होतात: वाक्य तयार होते, आलेख तयार होता. गटातल्या दोघांनी शोधनिबंधाचा मसुदाही लिहायला घेतला.

त्याला खीळ घातली नोंदवहीने. एका कनिष्ठ संशोधिकेने तीनही नमुन्यांच्या ओळी शेजारी ठेवून पाहिल्या. एक नमुना कळा सुरू झाल्यावर तातडीने केलेल्या सिझेरियनचा होता. नमुने कमी पडत होते म्हणून महिन्यापूर्वी नियम सैल करून तसे घ्यायला लागले होते. दुसरा, एकाच सकाळी आलेल्या तिनांपैकी शेवटचा. काम सुरू व्हायला चार तास उलटले होते आणि शेऱ्यात लिहिले होते, ‘गाठी खूप, धुताना लाल रंग जाईना’. तिसऱ्याच्या ओळीत काहीच खटकण्यासारखे नव्हते.

समोरचे पर्याय

पहिला, फरक दात्यागणिक आहे असे मानून नमुने वाढवायचे. वेळ जाईल, पण वाद नाही.

दुसरा, संशयास्पद नमुने वगळून उरलेल्यांवर लिहायचे. हा पर्याय बैठकीत कोणीतरी मांडला आणि लगेच मागे घेतला. निकाल पाहून नमुने वगळणे हे शास्त्र नव्हे, आणि तिसरा नमुना तर कोणत्याच निकषाने वगळता येत नव्हता.

तिसरा, पातळी २ च्या कक्षात चालणाऱ्या, एकदाच आत शिरणाऱ्या बनावट विषाणूवर जायचे. स्वस्त आणि जलद. पण त्यातून विषाणू आत शिरला का एवढेच कळते. हॉफबॉअर पेशींची खासियत आत शिरल्यानंतरच्या टप्प्यांत आहे, त्यामुळे जे पाहायचे तेच निसटले असते.

चौथा पर्याय एका बाहेरच्या रोगप्रतिकारशास्त्रज्ञाच्या प्रश्नातून आला: “सीडी-१४ असलेल्या पेशी ९५ टक्के, हे मान्य. पण त्या बाळाच्या कशावरून?”

प्रश्न वर्मी लागला. सीडी-१४ हॉफबॉअर पेशींवर असतो, डेसिड्युआतल्या आईच्या मॅक्रोफेजवर असतो, पोकळीतल्या रक्ताच्या मोनोसाइटवर असतो आणि विलायांच्या केशवाहिन्यांत अडकलेल्या बाळाच्या मोनोसाइटवरही असतो. ९५ टक्के हा आकडा मॅक्रोफेजची शुद्धता सांगत होता, त्या कोणाच्या ते नाही. शिवाय रक्तातला मोनोसाइट बशीत पाच-सात दिवस राहिला की त्याची मॅक्रोफेज होते, आणि तशी मॅक्रोफेज विषाणू मजेत वाढवते. आलेख नेमका सातव्या दिवसापासून चढत होता. वरच्या द्रवातले पी-२४ ही सगळ्या पेशींची मिळून बेरीज. दहातल्या दोन-तीन पेशी आईच्या असल्या तरी चित्र बदलायला पुरेशा.

केंब्रिजच्या गटाने पहिल्या तिमाहीतल्या वारेवर २०२१ मध्ये दाखवले होते की विलायांच्या पृष्ठभागावर आईच्या मॅक्रोफेज चिकटलेल्या असतात आणि बारीक केलेल्या ऊतीत त्या हॉफबॉअर पेशींसोबत येतात. त्या एचएलए-डीआर ही पृष्ठभागावरची खूण दाखवतात. खऱ्या हॉफबॉअर पेशी त्या वयात तो दाखवत नाहीत आणि एफओएलआर-२ दाखवतात. दिवस भरलेल्या वारेत एचएलए-डीआरचा भरवसा धरता येत नाही, कारण तोवर काही हॉफबॉअर पेशींवरही तो आलेला असतो. म्हणून एकट्या खुणेवर विसंबणे शक्य नव्हते.

काय केले

गटाने चौथा पर्याय घेतला आणि काम दोन बाजूंनी चालवले: पेशी कोणाच्या, आणि त्या आधीच चेतवलेल्या होत्या का.

*कोणाच्या.* गोठवून ठेवलेल्या पेशींवर आधी वाय गुणसूत्राची चकाकती खूण लावून पाहिली. बाळ मुलगा असेल तर वाय असलेली पेशी बाळाची, नसलेली आईची. इथे महाराष्ट्रातल्या कोणत्याही समितीत निघतो तो प्रश्न निघालाच: हे लिंगनिदान नाही का? बाळ जन्मलेले, लिंग जन्मनोंदीत लिहिलेले, तेव्हा गर्भलिंगनिदानाच्या कायद्याचा संबंध येत नाही. तरी समितीने ते लेखी मागितले, आणि अहवालात बाळाचे लिंग नमुन्याच्या क्रमांकाशी जोडायचे नाही असे ठरले. मागणी रास्तच होती.

तीनपैकी दोन नमुने मुलग्यांचे होते, आणि दोन्हींत वाय नसलेल्या पेशी अपेक्षेप्रमाणे वागलेल्या नमुन्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघाल्या.

पण आईच्या पेशी आहेत म्हणजे विषाणू त्यांनीच तयार केला, असे होत नाही. ते पाहायला पेशीच्या आतले पी-२४ रंगवून त्याच पेशीवर आई-बाळ वेगळे करणारी खूण हवी. गटाने आई-बाळांच्या नव्या जोड्यांत एचएलए-ए-२ ही काहींच्याच पेशींवर असणारी खूण वापरली: आईला आहे आणि बाळाला नाही, किंवा उलट. वाचताना हे सोपे वाटते, पण त्यात एक खड्डा आहे. एचआयव्हीचे नेफ नावाचे प्रथिन बाधित पेशीच्या पृष्ठभागावरचा एचएलए-ए खाली ओढते. बाळ ए-२ चे आणि आई नसलेली, अशा जोडीत बाळाची बाधित पेशी ए-२ गमावते आणि आईची म्हणून मोजली जाते. म्हणजे आपल्याला हवा तोच निष्कर्ष खोटाच हाती येतो. म्हणून नियम असा केला: आई ए-२ ची आणि बाळ नसलेले, अशाच जोड्या मोजायच्या आणि त्यांतही ए-२ दिसणारी बाधित पेशी तेवढी आईची धरायची. ए-२ न दिसणाऱ्या बाधित पेशीचा निकाल गुणसूत्राच्या खुणेवर सोडायचा, म्हणजे बाळ मुलगा असेल तरच. जोड्या यामुळे फार कमी उरल्या. पर्याय नव्हता.

रंगवण्याआधी माणसाच्या इम्युनोग्लोब्युलिनने एफसी ग्राहक झाकणे इथे सक्तीचे. हॉफबॉअर पेशींवर हे ग्राहक भरपूर असतात आणि कोणतेही प्रतिपिंड त्यांना शेपटीकडून चिकटते. मृत पेशी ओळखणारा रंगही हवा, आणि न रंगवलेला नमुना दर वेळी, कारण या पेशी मुळात स्वतःच चकाकतात.

*चेतवलेल्या होत्या का.* कोलॅजिनेझ हे जिवाणूंपासून काढलेले विकर, आणि त्याच्या काही खेपांत एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातले विष, असते. एंडोटॉक्सिन लागले की मॅक्रोफेजवरचा सीसीआर-५ घटतो आणि सीसीआर-५ वापरणाऱ्या विषाणूची वाढ दबते. म्हणजे खराब खेपेने निकाल उलट दिशेलाही फिरला असता: हॉफबॉअर पेशींचा ‘प्रतिकार’ हा काही अंशी कोलॅजिनेझच्या बाटलीचा प्रताप असू शकला असता. तीन जास्तवाल्या नमुन्यांपेक्षा ही शंका मोठी होती, कारण ती चांगल्या वागलेल्या नमुन्यांनाच हात घालत होती.

उपाय दोन. विकराच्या प्रत्येक खेपेची एंडोटॉक्सिन चाचणी, आणि चांगली निघाली की तीच खेप वर्षभराची घेऊन ठेवणे. दुसरा, तुलनेच्या पेशी बदलणे. रक्तपेढीच्या दात्याच्या पेशींनी ना ट्रिप्सिन पाहिलेले असते, ना कोलॅजिनेझ. त्यांच्याऐवजी त्याच बाळाच्या नाळेतल्या रक्तातले मोनोसाइट घेतले, त्यांनाही दोन्ही विकरांतून तेवढाच वेळ काढले आणि मग मॅक्रोफेज वाढवल्या. जनुके तीच, हाताळणी तीच. आता फरक दिसला तर तो पेशीच्या स्वभावाचा.

कापण्याची रीतही घट्ट केली. आईच्या बाजूने किमान ५ मिलिमीटर काढून टाकायचे. आधी हे ‘वरचा पापुद्रा’ एवढेच लिहिलेले होते आणि ज्याचा हात हलका त्याचा तुकडा पातळ निघे. नाळेच्या शिरेतून थंड बफर सोडून बाळाचे रक्त धुऊन काढायचे, बारीक केलेली ऊती पाणी फिके होईपर्यंत धुवायची आणि गाठ असलेला भाग घ्यायचाच नाही. दिवसाला एकच नमुना. विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, तेव्हा त्या दिवशी नमुना नाही. युनिव्हर्सिटी चौकातल्या कोंडीचा भरवसा नसल्याने वेळेची मर्यादा ओलांडलेला नमुना परत न पाठवता पिवळ्या पिशवीत.

काय निघाले

नव्या रीतीने घेतलेल्या, कळा सुरू होण्याआधीच्या सिझेरियनच्या नमुन्यांत चढणारा आलेख पुन्हा दिसला नाही. हॉफबॉअर पेशींतले पी-२४ त्याच बाळाच्या नाळरक्तातल्या मॅक्रोफेजपेक्षा कमीच राहिले, सी उपप्रकारातसुद्धा. विकरांतून काढलेल्या नाळरक्ताच्या पेशी विषाणू नीट वाढवत होत्या, त्यामुळे बाटलीचा प्रताप ही शंका बऱ्याच अंशी मिटली. मोजता आलेल्या मोजक्या जोड्यांत पी-२४ असलेल्या पेशींपैकी बऱ्याच आईच्या होत्या. बाळाच्या काही पेशींतही पी-२४ होते, पण बहुतेक ठिपक्यांच्या रूपात, आतल्या पिशव्यांत साठलेले. ते कैद केलेले म्हणायचे की राखून ठेवलेले, यावर गटात अजून एकमत नाही. कैद्याला बाहेरचा रस्ता आहे की नाही यावर ते ठरेल.

जुन्या तिनांपैकी तिसऱ्या, खटकण्यासारखे काहीच नसलेल्या नमुन्याचा उलगडा वेगळ्याच दारातून झाला. त्या वारेचा एक तुकडा योगायोगाने विकृतिशास्त्र विभागात गेला होता. त्यात पडद्यांचा दाह, म्हणजे कोरिओअम्निओनायटिस, सापडला. आईला ताप नव्हता, लक्षण नव्हते. या नमुन्यात आईच्या पेशीही जास्त होत्या आणि बाळाच्या पेशीही शांत अवस्थेत नव्हत्या. दोन्हींचा वाटा किती, हे जुन्या गोठवलेल्या पेशींवरून वेगळे करता आले नाही, आणि गटाने ते तसेच लिहिले.

हा धागा ओढून लगेच उपचाराकडे जाऊ नये. दाह कमी केला तर लागण कमी होईल, ही कल्पना आफ्रिकेत मोठ्या चाचणीत तपासून झाली आहे: एचपीटीएन ०२४ या अभ्यासात गरोदर बायकांना प्रतिजैविके दिली, पण २००६ मध्ये आलेल्या निकालात बाळांची लागण कमी झाली नाही.

शोधनिबंधाचे शीर्षक बदलले, हा या प्रकरणातला मला सर्वात शहाणपणाचा वाटलेला निर्णय. ‘काही मातांच्या वारेत लागण जास्त’ हे गेले. पेशींचा उगम आणि अवस्था यांवर मोजमाप कसे अवलंबून असते, ते आले. रुग्णालयाच्या जनसंपर्क विभागाला ‘वार बाळाला एचआयव्हीपासून वाचवते’ असे फलक हवे होते. समुपदेशकांनी ते अडवले. बाधित गरोदर बाईने हे वाचले आणि गोळीत एक दिवस ढिलाई केली, तर नुकसान तिच्या बाळाचे. बाळाला वाचवते ते टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिरची रोजची गोळी, ३२ ते ३६ आठवड्यांतली विषाणूभाराची तपासणी, आणि जन्मानंतर बाळाचे औषध व सहाव्या आठवड्यातली तपासणी. हॉफबॉअर पेशी उपचाराची जागा घेत नाहीत. आईच्या रक्तातला विषाणू औषधाने दबला की वारेपाशी पोहोचणाराच कमी होतो.

पुन्हा करायचे तर

प्रत्येक वारेचा एक तुकडा पहिल्या दिवसापासून फॉर्मलिनमध्ये विकृतिशास्त्राकडे जायला हवा होता. खर्च नगण्य, आणि तिसऱ्या नमुन्यावर महिने गेले नसते.

प्रसूतीची माहिती ‘सिझेरियन, मुदतपूर्ण’ एवढीच घेतली जाई. पाणमोट कधी फुटली, कळा होत्या का, चिरा देण्याआधी कोणते प्रतिजैविक दिले, हे लिहायला हवे. एक नोंद तर सगळ्यांकडूनच सुटते: ३९ आठवड्यांआधी ठरलेल्या सिझेरियनपूर्वी काही डॉक्टर बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोन देतात, ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. स्टेरॉइड मॅक्रोफेजला शांत अवस्थेकडे ढकलते, त्या अवस्थेची खूण असलेला सीडी-१६३ वाढवते. मुहूर्तासाठी सिझेरियन ३७-३८ आठवड्यांवर आले की हे इंजेक्शन यायची शक्यता वाढते, आणि ‘नियोजित सिझेरियन म्हणजे न चेतवलेल्या पेशी’ हे गृहीतक लंगडे पडते. या गटाने जुन्या केसपेपरांतून ही माहिती शोधायला घेतली, तेव्हा निम्म्या ठिकाणी डोसाची वेळच लिहिलेली नव्हती.

नियम सैल करण्याचा निर्णय फोनवर झाला होता. कळा सुरू झालेल्या मातांचे नमुने घेण्यात गैर काही नाही, उलट त्यांचा वेगळा अभ्यास व्हायला हवा, कारण खऱ्या आयुष्यात लागणीचा मोठा वाटा प्रसूतीच्याच वेळचा असतो. पण ते वेगळ्या गटात, वेगळ्या रंगाच्या चिठ्ठीने यायला हवे होते.

शुद्धतेच्या तक्त्यात आता दोन रकाने आहेत: मॅक्रोफेज किती टक्के, आणि बाळाच्या किती टक्के. दुसऱ्यात मुलींच्या नमुन्यांसाठी अडचण येते, कारण वाय गुणसूत्र नाही आणि एचएलए-ए-२ ची जोडी दर वेळी जुळत नाही. त्यांच्यासाठी आईच्या रक्ताशी आणि नाळेच्या तुकड्याशी सूक्ष्म-आवर्ती डीएनए खुणांची तुलना करायची सोय गटाने शेजारच्या संस्थेकडून घेतली आहे. ती टक्केवारी ढोबळ देते, पेशीगणिक नाही. तोवर मुलींच्या नमुन्यांवर सीडी-१६३, सीडी-२०६ आणि एफओएलआर-२ या तिन्ही खुणा एकत्र असतील तेवढ्याच पेशी मोजायच्या, असे ठरले आहे, आणि त्यांचे निकाल मुलग्यांच्या निकालांत न मिसळता वेगळ्या तक्त्यात जातात.